मिशीची पैज

"आण इकडं ती बाटली!" असं ओरडत हिंदुराव मिस्त्रींनी इंद्रजितच्या हातातलं पेट्रोल हिसकावलं. "चालू इंजिनावर शिंपडून गळती शोधतोस? जीपसकट भाजून निघशील की!"

दोघांनी मिळून जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन बसवलं होतं, आणि आता ते कुठूनतरी हवा ओढून फुरफुरत होतं. ज्यानं बसवलेल्या जोडातून गळती निघेल त्यानं मिशी उतरवायची, अशी पैज लागली. मिस्त्रींची मिशी चाळीस वर्षांची. तिच्यावर दोन लिंबं आरामात उभी राहायची.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पार गार होऊ दिलं. मग अंगणाच्या टोकाला धुपाटणं ठेवून इंद्रजितला लांबलचक नळीतून धूर आत फुंकायला बसवलं. इंद्रजितच्या जोडांवर काहीच दिसेना. धुराची बारीक रेघ निघाली ती नेमकी मिस्त्रींच्या जोडातून!

इंद्रजित उठून जवळ यायच्या आत मिस्त्रींनी वाकून आपली झुपकेदार मिशी त्या फटीवर गच्च दाबली.

"काय करताय, मिस्त्री?"

"आवाज ऐकतोय," ते मिशीतल्या मिशीत पुटपुटले.

"ते दिसतंयच की," इंद्रजित वस्तरा उघडत म्हणाला. "दोन्ही कानांतून धूर निघतोय तुमच्या."