उसनं दिलेलं बी

"अंगठा मागनं. पयलं सांग, माझं बी कवा देशील?" कृष्णाबाईंनी विचारलं, आणि कंपनीचा हितेश शाईचं पॅड उघडून तसाच बसला.

समिधाने कपाळाला हात लावला. महापालिकेच्या जैवविविधता समितीची ती सल्लागार. गावाचं झाड, बियाणं, माहिती कुणी धंद्यासाठी वापरली, तर आधी गावाची संमती घ्यायची आणि मग फायद्यातला वाटा द्यायचा, हा नियम दोन्ही बाजूंना समजावून सांगणं तिचं काम. तीन महिने खपून तिने कंपनीला नवघरच्या या बैठ्या घरापर्यंत आणलं होतं. आणि म्हातारी ऐन वेळी अडून बसली होती!

सगळा मामला होता खाऱ्या पाण्यात येणाऱ्या भाताचा. कृष्णाबाईंचे यजमान तुळशीराम यांनी तीस वर्षांपूर्वी एका संशोधकाला दोन शेर बी दिलं होतं. ते हातोहात फिरत कंपनीच्या शीतगृहात पोचलं. आता त्यावरून कंपनीला नवं वाण बाजारात आणायचं होतं.

भरतीचं पाणी चढलं तरी हे भात मान टाकत नाही, हे समिधाने कंपनीच्याच अहवालात वाचलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. कुठली प्रयोगशाळा नाही, काही नाही. खाडीकाठच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या एकेक कणीस निवडून हे घडवलं होतं. गावापलीकडच्या इंद्रलोक वसाहतीत सातव्या मजल्यावर राहणारी समिधा दहा वर्षं याच गावावरून रिक्षाने जात होती, आणि तिला पत्ताच नव्हता!

आणि ते मडकं. देवाच्या फळीखाली ठेवलेलं, शेणामातीने तोंड लिंपलेलं, गळ्यात झेंडूची माळ. दोन वर्षांपूर्वी खाडी घरात शिरली. भांडीकुंडी, कपडे, सगळं गेलं. "मडकं तेवढं ऱ्हायलं," कृष्णाबाई सांगायच्या, "चिखलात रुतून बसलं व्हतं." त्याच महिन्यात तुळशीराम गेले. जायच्या आधी मडक्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या हाताने लिंपलं होतं.

समिधा पहिल्यांदा आली तेव्हा मडक्याला तिने नकळत हात जोडले होते. ते उघडा म्हणायची तिची छाती झाली नाही. नोंदवहीत तिने लिहिलं, 'मूळ बियाणे मडक्यात सुरक्षित.'

"आजी," हितेश शक्य तेवढ्या गोडीने म्हणाला, "तुमच्याकडे तर घरचंच आहे. हमारा वाला लेके क्या करोगे?"

"मडकं दिसतंय न्हवं तुला? मंग झालं. पन उसनं दिलेलं बी दुपटीनं परत येतं. गावाची रीत हाय. दोन शेर नेलं, चार शेर दे. त्ये आल्याबिगर मडकं उघडू नको, असं म्हातारा सांगून गेला."

"मग असं करू. आमचं नवीन वाण देतो. दहा किलो, एकदम फर्स्ट क्लास!"

"तुझं नको मना. म्हाताऱ्यानं दिलेलं, त्याचंच दे."

हितेश फोन घेऊन अंगणात गेला. साहेब नाही म्हणाले तर करार तिथेच बारगळणार, हे समिधाला दिसत होतं. ती कृष्णाबाईंजवळ सरकली.

"अहो आजी, कशाला ताणताय? दरवर्षी विक्रीतला वाटा मिळणारेय, सगळ्या गावाला. चार शेर भातापायी हा माणूस उठून गेला तर?"

"वाट्याचंबी लिव ना बाय. मी कुठं नको म्हनते? पन पयलं कलम माझं. आनि रोहिनी लागायच्या आत आलं पायजे. दोन सालं गुडघ्यांनी बसवून ठेवलं, यंदा मागल्या तुकड्यात पेरीन म्हनते."

बोलता बोलता त्यांनी एका हाताने मडकं उचललं, दुसऱ्या हाताने खालची धूळ फडक्याने पुसली आणि ते परत जागेवर ठेवलं. समिधा बघतच राहिली. ऐंशीची बाई, आणि काय ही ताकद! खारं पाणी पचवणाऱ्या भातावर पोसलेली हाडं ही, असं तिला वाटून गेलं.

हितेश हसत हसत आत आला. "साहेब बोलले, चार किलोसाठी काय अडायचं? लिहा."

पहिलं कलम लिहिलं गेलं. मगच कृष्णाबाईंनी अंगठा पुढे केला.

रोहिणी नक्षत्राला चार दिवस होते तेव्हा पाकीट आलं. समिधा ते स्वतः घेऊन गेली. कृष्णाबाईंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी धरले, एक दाणा दाताखाली चावून पाहिला. मग त्यांना रडूच फुटलं.

"त्येच हाय गं. म्हातारा परत आला बघ."

तीस वर्षं भटकलेलं बी आपल्या घरी पोचलं होतं, आणि ते समिधाच्या नियमाच्या कागदाने पोचवलं होतं. इतकं नवल तिने आजवर कुठल्या फायलीत पाहिलं नव्हतं.

कृष्णाबाईंनी डोळे पुसले आणि मडकं तिच्यापुढे ठेवलं. "फोड लिंपन. तुझ्याच हातानं."

कोरडी माती ढपलीढपलीने निघाली. समिधा थांबली. "आजी, सूप द्या. आधीचं त्यात काढते, मग दोन्ही एकत्र भरू."

"सूप कशाला? वत तू."

"अहो, सांडेल ना सगळं," असं म्हणत समिधाने मडक्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि बोटांना थेट मडक्याचा गार, कोरडा तळ लागला.