गाठीच्या वरचं

"वेल इथंच राहील," घरमालक म्हणाला. "मातीत रुजलं ते मातीच्या मालकाचं. आणि हे बघा बाई, उद्या जागा सोडेपर्यंत एका काडीलाही हात लावायचा नाही. खानावळवाल्याला मी मांडवासकट जागा दिलीय."

चष्मेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव ठेवलेलं. अकरा वर्षं ती या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती. जागा खाली करा म्हटल्यावर निमूट तयार झाली होती. मागितल्या होत्या फक्त द्राक्षवेलीच्या चार काड्या. छाटणीनंतर एरवी कचऱ्यात जातात तसल्या.

"काड्या कापल्यानं वेलीचं काही बिघडत नाही मालक. उलट फळ चांगलं धरतं."

"आणि तुम्ही ती दहा ठिकाणी लावाल! ही जात गावात आणखी कुणाकडं नाही, म्हणून तर खानावळवाला भुललाय." मग त्यानं मागं वळून बायकोला विचारलं, "काय गं, बरोबर ना?"

बायको जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. तिनं मान हलवली. होकाराची म्हणावी तर तशी नाही, नकाराची म्हणावी तर तशीही नाही.

चष्मेवालीला नवऱ्यापेक्षा हिचाच जास्त संताप आला. दर हंगामाचा पहिला घड आपण हिच्या हातात ठेवला. आज ही तोंडात मिठाची गुळणी धरून उभी!

ती राहायला आली तेव्हा अंगणात एक रानवेल होती. पानंच पानं. फळ इतकं आंबट की पाखरंसुद्धा एक मणी टोचून उडून जात. चष्मेवालीनं आत्याच्या वेलीच्या काड्या आणल्या होत्या. पुढं आत्याचं घर पाडलं गेलं आणि ती वेलही गेली. इथं हिनं रानवेलीचा बुंधा कापला, मधोमध चिरला, पाचरीसारख्या तासलेल्या काड्या सालीला साल भिडवून बसवल्या, पट्टीनं आवळून बांधल्या. पहिल्या वर्षी वाळल्या. दुसऱ्या वर्षी थोडं खाली कापून पुन्हा बसवल्या, त्याही वाळल्या. घरमालक तेव्हा हसला होता. "काचा घासा बाई, काचा!" तिसऱ्या वर्षी काडीवरचा डोळा फुटला, कोंब आला. एकच फूट ठेवून तिनं ती काठीला बांधत वर नेली, तारेपाशी शेंडा खुडला, दोन्ही बाजूंना दोन फांद्या हातांसारख्या पसरवल्या. रोज दुकानात जाण्याआधी पानांच्या बगलेत येणाऱ्या फुटी खुडल्या. इतकं करून मांडव उभा राहिला, आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतो, एका काडीलाही हात लावू नका!

दुपारी घरमालक खानावळवाल्याकडे सह्या करायला गेला. चष्मेवालीनं बांधलेल्या सामानातून करवत बाहेर काढली.

पानं गळून गेली होती. वेल उघडी, शांत होती. ती बुंध्याशी गुडघे टेकून बसली. मुळाशीच कापावी, बसू दे त्याला वाळक्या लाकडाखाली टेबलं मांडून! करवत जमिनीलगत टेकली आणि तिथंच थांबली. वीतभर वर कलमाची गाठ होती. मुठीएवढी, खडबडीत. खालचं लाकूड काळपट, वरचं तांबूस. दोन लाकडांचा सांधा आंधळ्यालाही बोटानं कळला असता.

मातीत रुजलं ते मातीच्या मालकाचं. बरोबर! मग मातीत रुजलेली होती ती रानवेल. गाठीच्या वरची एक काडीही या मातीत कधी रुजली नव्हती.

"तुझं तुला," ती दातओठ खात म्हणाली आणि करवत वर सरकवली.

जिना वाजला. घरमालकाची बायको खाली येत होती.

चष्मेवाली उठली नाही. "बघा वहिनी, नीट बघा. आणि लावा फोन. ते येईपर्यंत माझं काम झालेलं असेल."

वहिनी जवळ आली. तिनं वाकून बुंधा पाहिला.

"आणखी बोटभर खाली," ती म्हणाली.

"काय?"

"गाठीवर एखादा डोळा राहिला तर तुझीच वेल पुन्हा फुटेल. बोटभर खाली घे. आंबटच फुटू दे." तिनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी बुंधा धरला. "अकरा वर्षं वरच्या खिडकीतून हेच बघतेय मी. काप. हलू देत नाही."

चष्मेवालीनं कापलं. वेल मांडवावरून सोडवून दोघींनी खाली घेतली. मग अंगणात बसून काड्या निवडल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन तीन डोळ्यांच्या. ओल्या फडक्यात गुंडाळल्या. राग अजून उतरला नव्हता, पण आता त्यात काळजीही मिसळली होती.

"वहिनी, ते तुम्हाला सोडायचे नाहीत. काय सांगाल त्यांना?"

वहिनीनं हात पुढं केला. जुडीतल्या दोन काड्या उचलून तिनं बाजूला ठेवल्या. "या मला दे. वरची बाजू कुठली, तेवढं सांग."

"वरचा छेद तिरका दिलाय, तो वर. पण तुम्ही त्या इथं लावणार? त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"इथं कशाला?" वहिनी म्हणाली. तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं. "उद्या तुझ्या टेम्पोत माझी एक पेटी बसेल का गं?"