दिव्याला वारा नको

शाकंभरी नवरात्राचा घट बसला आणि तुळजापुरातल्या विष्णुपंतांच्या भक्तनिवासात हॉल गरम ठेवणारं गच्चीवरचं मशीन सारखं बंद पडायला लागलं. दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून मेकॅनिक उत्तरेश्वर आला. फिल्टर साफ होता, पंखा फिरत होता, वायरिंगही ठीक होतं. खाली हॉलमध्ये शंभरेक बायका कुंकुमार्चनाला बसल्या होत्या, म्हणून तिकडं तो गेलाच नाही.

"हीटर लई तापला की त्याला बंद करणारा स्विचच खराब झालाय, काका. नवा येईस्तोवर वायर थेट जोडून देतो."

"काही धोका नाही ना रे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"पंख्याचा वारा हीटरवरून हॉलमध्ये जातोय तोवर काय होत न्हाय."

परतीची जीप जळकोटला पोचली, तेव्हा विष्णुपंतांच्या पत्नीचा, शामलाकाकूंचा व्हिडिओ आला. समोर नवरात्राचा अखंड दिवा, मागं आरतीच्या टाळ्या, आणि काकूंचा खुशीतला आवाज:

"उत्तरेश्वर, मशीन एकदाही बंद पडलं नाही बघ! वाऱ्यानं दिवा विझेल म्हणून मी घट बसल्यापासनं हॉलमधल्या मशीनचा वारा येणाऱ्या सगळ्या जाळ्यांना गोधड्या गच्च बांधल्यात. ऊब काय, गोधडीतनंही येतेच की."

त्यानं लगेच फोन लावला. आरती चालू होती, कुणी उचलेना. त्यानं व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला.



ज्योत जराही हलत नव्हती.