दगडांची रिंगणं

"मार्च ते जून डोंगरावरच्या सड्यावर गाड्या बंद, इतर वेळी फक्त दहा तंबू. कुणाची हरकत?"

तिसरी सुनावणी, वनाधिकाऱ्यांच्या हातात तोच कागद. पर्यटकांना जीपने सड्यावर नेणारे आम्ही सगळे ड्रायव्हर हजर होतो. आमची हरकत वाचायला मी उठलो, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"साहेब, टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. खड्यांसारखीच दिसतात. चाकाखाली येऊ नयेत म्हणून मी आधी चालत जाऊन अंड्यांभोवती दगडांचं रिंगण मांडतो. ते बघून आमच्या गाड्या वळतात. पंधरा वर्षं हेच करतोय."

"मग चांगलंच आहे की," वनाधिकारी म्हणाले.

"गेल्या उन्हाळ्यात तंबूतली एक बाई म्हणाली, काका, तुम्ही चुली मांडून ठेवता, फार सोय होते. मी सगळा सडा फिरलो. प्रत्येक रिंगणात राख होती."

शेजारच्या ड्रायव्हरने माझी बाही ओढली. "भिवादा, आपल्या पोटाचं काय?"

"मलाही आहे ते." हरकतीच्या अर्जाची घडी करून मी खिशात घातली. "साहेब, यंदा दगड मांडायला माझ्याच्यानं जाववणार नाही. तुम्ही सड्याच्या वाटेला साखळी लावा."