चौकोनी फोड

धरणावर सहली काढायला शेषरावानं जुनी मोटरबोट घेतली होती. परवा पहिल्या फेरीत शाळेची पोरं बसणार होती. आज त्यानं पेट्रोलची फायबरची टाकी काढून धुतली, उन्हात वाळवली. बाहेरून कुठंच तडा नव्हता. बाजारात टरबुजं विकणाऱ्या त्याच्या बायकोनं, शकुननं, सवयीनं ती बोटानं ठोकून पाहिली. बाजूंना टणक वाजली, तळाला बद्द. “इथं सडली हाये.” “टरबूज हाये काय थे?” म्हणत त्यानं आत हात घालून तळ खरवडला. पेट्रोलनं मऊ पडलेलं फायबर चिकट होऊन नखांत आलं. बोटं पुसत तो म्हणाला, “बोट दुसऱ्याले इकून टाकू. बाहेरून काही दिसत नाही.” शकुन उठली. गिऱ्हाइकाला दाखवायला टरबुजाची चौकोनी फोड काढतात, तशी तिनं विळ्यानं टाकीच्या तळाची फोड काढली अन् त्याच्या हातावर ठेवली. “आता दिसते.”