शेजारचा कुकर

आम्हा ब्लॉगवाल्यांमध्ये टूम निघाली, स्वतःबद्दल काहीतरी फुटकळ सांगायचं. मी लिहिलं, "लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि सगळ्यांची दारं बंद झाली. आता भिंतीपलीकडे बातम्या लागल्या की मी कुकर लावते. तेवढीच सोबत."

'एकटा जीव' नावाच्या ब्लॉगरची लगेच कमेंट आली, "अहो, मीही तसलाच! शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की ताट वाढून घेतो. घरातच कोणीतरी रांधतंय असं वाटतं."

किती जुळतं आमचं, म्हणून मी हसले. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

परवा तापाने फणफणले होते, चूल बंद. जेवणाच्या वेळेला पडल्या पडल्या फोन उघडला, तर त्याची नवी पोस्ट.

"आज शेजारचा कुकर वाजलाच नाही. दारावर गणपतीतलं तोरण अजून तसंच आहे, बाहेर चपला आहेत, म्हणजे बाई घरातच असणार. बेल वाजवू का? पण इतक्या वर्षांत कधी बोललो नाही, आता काय म्हणून वाजवू?"

माझ्या दारावरचं तोरण काढायचं राहूनच गेलं होतं.



भिंत धरत मी उठले, कुकरमध्ये नुसतं पाणी ओतलं आणि गॅस पेटवला.