काजळ लावलेला चाकू

उकंडरावनं चाकूची धार डोळ्यापाशी धरून पाहिली आणि दगडावर पाणी शिंपडलं. दगड सावलीतला, तरी पाणी चर्र करून उडालं असं आसेगावात अजून सांगतात. त्यावरून रागाचा अंदाज घ्यावा.

चाकू खिशातला, दुमडायचा, बोटाएवढ्या पात्याचा. संत्र्याच्या कलमाचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, काढून खुंटावर बांधायचा. त्याची धार अशी होती की पात्यावर बसलेली माशी उडताना दोन होऊन उडायची आणि दोघींनाही पत्ता नसायचा. चार दिवसांमागं धाकट्या भावानं, शेषरावनं, त्याच चाकूनं मोटारीची केबल सोलली. धारेला दाते पडले. ते लपवायला म्हणून त्यानं चाकू वेल्डिंगच्या दुकानात नेऊन फिरत्या चाकावर धरला. धार जळून निळी झाली. घरी परत आलं ते कुऱ्हाडीचं पिल्लू.

त्या दिवसापासून उकंडराव भावाशी एक शब्द बोलला नव्हता.

शेषराव समोरच बसला होता, अंगणात, खुंटासाठी लावलेल्या जंभेरी लिंबाच्या रोपांपाशी. मांडीशी ओलं गोणपाट.

"वहिनी, भाऊले म्हणा, काडी सुकून राह्यली."

कस्तुराबाई दारात तूर निवडत होती. "मले कायले सांगता? मधात चार हात जागा नाई तुमच्या."

उकंडराव दगडाशी बोलला. "दगडा, त्याले सांग. धार वेल्डिंगवाल्यानं लावाची असती, तं देवानं तुले कायले घडवलं असतं?"

गोणपाटात विहिरीवरच्या झाडाची काडी होती. त्या झाडाचं संत्रं खाल्लेला माणूस पुढचे दोन दिवस चहा फिका म्हणून परत पाठवायचा. डिंक्या रोगानं झाड वाळलं. एक फांदी हिरवी होती, ती काल वाऱ्यानं मोडली. आता ते झाड म्हणजे काडीवरचे अकरा डोळे. आज जंभेरीच्या खुंटावर बसले तर झाड राहिलं, नाही तर खतम. आणि जाड धारेनं डोळा काढला की साल चेंगरते. चेंगरलेला डोळा काळा पडतो.

उकंडराव दात खाऊन घासत होता. कस्तुराबाईनं थोडा वेळ पाहिलं, मग सूप खाली ठेवून आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. चाकू नवऱ्याच्या हातातून ओढला, खाली ठेवला, आणि करंगळीनं धारेच्या दोन्ही बाजूंना काजळ लावलं.

"आता घासा. जिथलं काजळ जाईन, तिथीच दगड लागून राह्यला समजा."

त्यानं दहा हात मारले. तिनं वाकून पाहिलं.

"धारेच्या टोकाचंच गेलं, वरचं तसंच. सारा राग टोकावर काढून राह्यले तुमी. पातं निजवा जरा."

"मले शिकवतं?"

"मंग कोणाले शिकवू? दगडाले?"

शेषराव हसला. उकंडरावनं मान वर केली तसा तो रोपांची पानं मोजू लागला.

पातं निजलं. आता काजळ धारेच्या उताराच्या वरच्या कडेपासून जायला लागलं, मग मधलं, मग सुताएवढी रेघ राहिली धारेवर. निळं, जळालेलं लोखंड पाण्यात काळं होऊन वाहून गेलं. उन्हं निंबाखालून उंबऱ्यापर्यंत आली. दगडाला एवढा खळगा पडला की चिमणी येऊन त्यात पाणी पिऊन गेली. शेवटची रेघ गेली तेव्हा पलीकडच्या बाजूला अंगठ्याला घासल्या लोखंडाची बारीक कोर लागली. ती त्यानं चपलेच्या चामड्यावर पुसून काढली आणि पातं मनगटाजवळ नेलं. केस कापले गेले नाहीत. पातं टेकायच्या आधीच ते भिऊन आडवे झाले.

आता खरी पंचाईत. उकंडरावचा हात थरथरतो, आणि शेषरावला धार लावता येत नाही. म्हणून एकाची धार आणि दुसऱ्याचा हात, असे दोघं पंचवीस वर्षं डोळे बांधत आले. चाकू त्यालाच द्यायचा होता.

चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण लागतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

उकंडराव उठला. भावासमोर मातीत चाकू ठेवला, न बघता, आणि पाठ फिरवली.

शेषरावनं उचलला नाही.

"उचला ना भाऊजी," कस्तुराबाई म्हणाली. "काडी सुकते."

"भाऊले म्हणा, हातात दे."

"हातात दिला का भांडण लागते."

"लागू द्या, वहिनी. चार दिस झाले, हा माणूस दगडासंगं बोलून राह्यला. भांडण लागलं तं माह्यासंगं तरी भांडन."

गोणपाटावर एक माशी बसली, उठली.

मग उकंडराव वळला. वाकून चाकू उचलला. पात्याच्या मुळाशी राहिलेलं काजळ धोतराला पुसलं. पातं आपल्याकडं धरलं आणि मूठ पुढं केली. शेषरावनं ती त्याच्या हातातून घेतली.

"केबल सोलाले तोंडात दात नव्हते का तुले, गधड्या?" उकंडराव म्हणाला.

तिथून पुढच्या शिव्या मंगरूळपीरच्या स्टँडवर ऐकू गेल्या. त्या धारेनं शेषरावनं पहिल्या खुंटाची साल उघडली, तिचा मात्र आवाज झाला नाही.